मदत हवी: व्ही-क्रॉसला रॉक स्लायडर, बोल्ट की वेल्ड? (नाशिक)

कातळवाट:
मंडळी, गाडी इसुझूची डी-मॅक्स व्ही-क्रॉस ४x४ पिकअप. वापर इगतपुरी-त्र्यंबककडच्या दगडी वाटांवर. अंबड एमआयडीसीतला फॅब्रिकेटर दीड इंची पाइपाचे स्लायडर (दाराखालचा पत्रा दगडापासून वाचवणारे दांडे) करून द्यायला तयार आहे, पण पाय (पाइप चेसिसला जोडणारे आडवे तुकडे) थेट चेसिसला वेल्ड करू म्हणतो. करू द्यावं का? पाइप किती जाड घ्यावा? की आहे त्या फूटस्टेपलाच जाड पाइप जोडून भागेल?

टॅकवेल्ड:
फूटस्टेपचा नाद सोडा. तो माणसाच्या वजनासाठी असतो. गाडी दगडावर टेकली की वाकून वर येतो आणि दाराखालचा पत्राच चेपतो.

पाइप दीड इंच नॉमिनल बोअर (नावापुरतं माप), शेड्यूल ४० (भिंतीच्या जाडीचा वर्ग), म्हणजे बाहेरून ४८.३ मिमी, जाडी ३.६८ मिमी. सीमलेस (बिनजोड) मिळाला तर उत्तम. जीआय (जस्ताचा थर दिलेला) नको, जस्ताचा धूर त्रासदायक आणि वेल्डमध्ये भोकं राहतात. एका बाजूचं वजन २५ किलोच्या आसपास जाईल.

चेसिसला वेल्ड नकोच. उष्णतेने वेल्डच्या कडेला धातू कमजोर होतो, तडा तिथूनच जातो. आतला गंजरोधक थरही जळतो, आणि तिथे परत रंग पोचत नाही.

बोल्टनेच बसवा. खरी गोम पायाच्या टोकाला चेसिसवर बसणाऱ्या प्लेटमध्ये आहे. दगड स्लायडरला वर ढकलतो तेव्हा प्लेटचा वरचा भाग चेसिसवर दाबतो, खालचा सुटू पाहतो. म्हणजे ताण खालच्या बोल्टांवर. प्लेट ६ मिमीची, चेसिसच्या पूर्ण उंचीची घ्या, खालून चेसिसच्या तळाशी वळवा. बॉक्स चेसिसमधून आरपार बोल्ट नुसता कसला तर भिंती आत दबतात आणि बोल्ट ढिला पडतो. आत स्लीव्ह (बोल्टभोवतीची नळी, भिंतींना आधार देणारी) हवीच. त्यापेक्षा आतल्या बाजूला दुसरी प्लेट लावून बोल्ट चेसिसच्या वरून आणि खालून न्या, भोक पाडायलाच नको. बोल्ट एम१२ (१२ मिमी), ८.८ ग्रेड (मजबुतीचा दर्जा), साधारण ८० न्यूटन-मीटरला कसा. ब्रेकच्या आणि डिझेलच्या नळ्या, वायरिंग प्लेटखाली सापडत नाही ना, हे हात घालून चाचपा.

कातळवाट:
पाय किती? बॉडीपासून अंतर?

टॅकवेल्ड:
दर बाजूला चार, तीनपेक्षा कमी नाहीत. अंतर २०-२५ मिमी. बॉडी रबरी माउंटवर असते, चेसिसपेक्षा वेगळी हलते, त्यामुळे चिकटून बसवलं तर घासणारच. पाइप बाहेरच्या टोकाला १०-१५ अंश वर ठेवा. गाडीवर फक्त टॅक (तात्पुरते वेल्डचे ठिपके) मारा, तेही बॅटरीची निगेटिव्ह काढून. पूर्ण वेल्ड खाली उतरवून, जिगवर (तुकडे जागच्या जागी धरणारा साचा) बांधून. नाहीतर पाय ओढले जातात आणि प्लेटा बसत नाहीत.

घाटपायथा:
एक भर. बसवल्यावर स्लायडरच्या मध्यावर जॅक लावून चाक सुटेपर्यंत उचला, बॉडीचं अंतर मोजा. निम्मं झालं तर पाय कमी पडतायत. पाइपाची टोकं बंद करून खालून ६ मिमीचं भोक ठेवा, इगतपुरीचा पाऊस आत साचला की पाइप आतून सडतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चं (गाडीतल्या बदलांबाबतचं) काय ते काम सुरू करण्याआधी पेठ रोडच्या आरटीओत विचारा, इन्शुरन्सवाल्यालाही कळवा. आणि पहिल्या ५०० किमीनंतर सगळे बोल्ट टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोराने कसणारा पाना) पुन्हा तपासा.