परस, उन्हाळा आणि ‘समर प्रोजेक्ट’: मराठीत काय लिहावं?

रामबागवाली:
माझी भाची कॅनडात एडमंटनला असते. तिथल्या घरच्या बागेवर तिनं इंग्रजीत लिहिलंय आणि इंदूरच्या एका दिवाळी अंकासाठी मी ते मराठीत आणतेय. तीन जागी अडले आहे.

पहिली जागा घरामागची. मी सरळ ‘परस’ लिहिलं. अंकाचं काम बघणाऱ्यांनी ते खोडून ‘मागचा बगीचा’ केलं. म्हणाले, इंदुरात परस कुणाला कळतो? मला हे अजिबात पटलेलं नाही. रामबागेतल्या आमच्या घरामागे विहीर, कढीलिंब, अळूचं आळं आणि धुण्याचा दगड होता. आजी त्या सगळ्याला मिळून परस म्हणायची. त्यात बगीचा कुठे होता?

दुसरी जागा उन्हाळा. मे महिन्यात व्हिक्टोरिया डेची सुट्टी येईपर्यंत तिकडे नाजूक रोपं बाहेर लावत नाहीत आणि सप्टेंबरात दंव गोठायला लागलं की टोमॅटो हिरवेच तोडून घरात आणतात. जूनमध्ये मात्र रात्री दहापर्यंत उजेड असतो, जेवणं झाल्यावरही माणसं मातीत हात घालून बसलेली असतात. ‘आमचा छोटासा उन्हाळा’ असं ती किती प्रेमानं लिहिते! आपल्याकडे उन्हाळा छोटा म्हटलं तर सुटलो असंच वाटेल. तो आनंद कुठल्या शब्दात आणू?

तिसरी जागा ‘समर प्रोजेक्ट’. कुंपण रंगवणं, लाकडी डेकला तेल पाजणं, फळ्यांची चौकट ठोकून त्यात माती भरणं. ‘प्रकल्प’ लिहायला हात धजत नाही.

लोकमान्यनगर:
ताई, परस ठेवाच. एक मात्र ध्यानात असू द्या. आमच्याकडे जुनी माणसं ‘परसाकडे जाऊन येतो’ म्हणायची ते शौचाला जाण्याबद्दल. आईनं त्यामुळेच हा शब्द टाकला होता. पाहुण्यांसमोर ती नुसतं ‘मागे’ म्हणायची: मागे पुदिना लावलाय, मागे लिंबू धरलंय. आता संडास घरात आले आणि तो अर्थ आठवणारी माणसंही थोडी राहिली. शब्द पुन्हा मोकळा झालाय, वापरायला हरकत नाही.

कमाटीबाग:
वडोदऱ्यातून लिहितोय. आमच्याकडे परस कधीच गेला, त्याच्या जागी गुजरातीतला ‘वाडो’ आला आणि त्याचाही आम्ही ‘वाडा’ केला. ‘वाड्यात दोडका लावलाय’ असं आत्या म्हणाली की पुण्याचे पाहुणे चौसोपी वाडा शोधायला लागायचे. पण आम्हा घरच्यांना त्यात कधी अडचण वाटली नाही. माझ्या मते इंदूरच्या अंकात इंदूरचा शब्द असावा. तुमच्याकडे मागच्या जागेला आज काय म्हणतात?

रामबागवाली:
दादा, मागची जागाच उरली नाही हो. विहीर बुजवून तिथे तीन मजले उभे आहेत.

अभिजात:
म्हणूनच परस लिहायला हवा. जागा गेली म्हणून शब्दही घालवायचा का? परसू, परडं हे शब्द जुन्या कोशांत आहेत. इंदूरची मराठी आधीच गमला, क्यारी, बागड यांनी भरून गेली आहे. आपल्याकडे कुंडी, वाफा, कुंपण असताना हे हवेत कशाला? आणि त्यावर आता बगीचा.

जुनी इंदूर:
काका, आदर ठेवून सांगते, बगीचा फारसीतून आला तसा बागही फारसीतूनच आला. गुलाबही. शिवाजी महाराजांच्या काळात राज्यव्यवहारकोश झाला, फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले गेले, तरी बाग आपल्या तोंडातून गेली नाही. आणि क्यारीला बाहेरची म्हणू नका. संस्कृतात ‘केदार’ म्हणजे पाणी धरून ठेवलेलं शेत. क्यारी त्यातूनच आली. माळव्यात होळकरांबरोबर आलेली आपली माणसं इतक्या पिढ्या इथल्या काळ्या मातीत भाजी लावताहेत, तर माळ्याचा शब्द त्यांच्या तोंडी बसणारच. माझ्या आजीला वाफा माहीत होता, पण माळ्याशी बोलताना ती क्यारीच म्हणायची, आणि माळ्याशी तर रोज बोलायची.

अभिजात:
मूळ संस्कृतात सापडलं म्हणून शब्द मराठी होत नाही. परसाचं मूळ मला ‘पार्श्व’ वाटतं, घराच्या कडेची जागा.

लोकमान्यनगर:
पार्श्व म्हणजे बाजू. परस तर मागे असतो.

अभिजात:
कडा मागचीही असते.

वाफा:
मूळ राहू द्या, ताईंचं काम पुढे नेऊ. फळ्यांच्या चौकटीत माती भरतात त्याला आपला तयार शब्द आहे: गादीवाफा. कांदा, मिरची, वांग्याची रोपं करायला शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या जमिनीपेक्षा उंच वाफा करतो, पाणी साचत नाही, मुळं कुजत नाहीत. भाचीला त्याचा आणखी एक उपयोग होत असणार. उचललेली माती वसंतात लवकर ऊब धरते, आणि तिच्याकडे एकेक आठवडा मोलाचा.

घरात उगवलेली रोपं बाहेर लावण्याआधी ती रोज थोडा थोडा वेळ वाऱ्या-उन्हात ठेवत असेल. त्याला ‘रोपं कणखर करणं’ म्हणतात. आपल्याकडेही रोपं काढण्याआधी पाणी कमी करून तेच करतात. ते सोडलं आणि एकदम बाहेर नेलं तर रोप मान टाकतं.

कमाटीबाग:
पण गादीवाफ्याला लाकडाची चौकट कुठे असते?

वाफा:
नसली तरी काम तेच. लागेल तर ‘चौकटीचा गादीवाफा’ लिहा.

रामबागवाली:
गादीवाफा घेतला! आणि ‘कणखर’ तर फारच आवडला, लेखात तो प्रसंग आहे. पण उन्हाळ्याचं कुणीच बोलत नाही.

अभिजात:
उन्हाळा म्हणजे उष्णकाळ. जुलैत दुपारी बावीस-तेवीस अंश असेल तर तो उन्हाळा नव्हेच. ‘ग्रीष्म’ लिहा.

जुनी इंदूर:
ग्रीष्मात तर जास्तच चटका आहे. मी ‘बागेचा मोसम’ म्हणेन. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर जातो, टोमॅटोची फुलं गळतात, आपण हिरवी जाळी बांधून झाडं जगवतो. आपल्या बागेला बहर शेवंती आणि डेलियाच्या दिवसांत, थंडीत. म्हणजे भाचीचा जून हा आपला डिसेंबर. वाचकाला मोसम म्हटलं की बरोबर कळेल.

लोकमान्यनगर:
मोसम नको. तिकडचं ऊनच त्यात दिसणार नाही, आणि त्या लोकांना तर उन्हाचंच अप्रूप. उन्हाळाच ठेवा, पहिल्या परिच्छेदात दहापर्यंतचा उजेड येऊ द्या, पुढे वाचक आपोआप त्या उन्हाळ्यात जाईल.

आगोट:
आमचं मूळ रत्नागिरीकडचं, इंदुरात तिसरी पिढी. प्रोजेक्टसाठी मला ‘आगोटीची कामं’ सुचतात. पावसाळा तोंडावर आला की कोकणात शाकारणी, कौलं चाळणं, लाकूडफाटा आत घेणं, सुक्या मासळीची आणि मिठाची बेगमी, सगळं ठरल्या दिवसांत उरकायचं. पाऊस सुरू झाला की संपलं. भाचीचं बर्फ आणि आमचा पाऊस, घाई तीच. एका ऋतूच्या धाकानं दुसऱ्या ऋतूत केलेली कामं, याला इतका नेमका शब्द दुसरा मिळायचा नाही.

जुनी इंदूर:
शब्द सुंदर आहे, पण इंदुरात शंभरातल्या पाच जणांना तरी कळेल का? आपल्याकडे ‘उन्हाळ्याची कामं’ म्हटलं की पापड, कुरडया, सांडगे. तेही वाळवण संपायच्या आत उरकायचंच असतं.

आगोट:
कळत नसेल तर एका वाक्यात समजावून सांगा. परस ठेवण्यासाठी आपण एवढं भांडलो, मग आगोटीनं काय केलंय?

अभिजात:
या मुद्द्यावर मी आगोट यांच्या बाजूनं आहे.

कमाटीबाग:
सयाजीराव महाराजांच्या राज्यात १९३१ साली ‘शासन शब्दकल्पतरू’ छापला गेला. कारभाराच्या एकेका शब्दाला वेगवेगळ्या भाषांतले प्रतिशब्द शेजारी शेजारी मांडले होते. बागेच्या शब्दांचं तसं काही करायला हवं: परस, परडं, वाडो, मागचं अंगण एका ओळीत. आणि ताई, डेकला काय लिहिलंत? आम्ही ‘ओटला’ म्हणतो.

लोकमान्यनगर:
ओटला आमचाही! इंदुरात संध्याकाळी माणसं ओटल्यावरच भेटतात. पण ओटला रस्त्याच्या बाजूला, घरासमोर. मागच्या बाजूचा ओटला मी ऐकलेला नाही.

अभिजात:
मराठी शब्द ओटा. ओटला गुजराती.

कमाटीबाग:
ओटा म्हटलं की आता स्वयंपाकघरातला गॅस ठेवायचा ओटा डोळ्यांपुढे येतो. त्याला तेल पाजतात असं लिहिलं तर वाचक काय समजेल?

रामबागवाली:
मी सध्या ‘मागचा लाकडी ओटला’ लिहिलंय. परस मी परत घातलाय आणि अंकाच्या लोकांना तसं कळवलंय. प्रोजेक्टची जागा अजून कोरी आहे. आगोटताई, ‘आगोट’ एकवचनात कशी चालवता? ‘आगोटीत’ की ‘आगोटला’?

आगोट:
आमच्या घरी दोन्ही चालतं. आजी ‘आगोटीला’ म्हणायची. काकांना विचारून उद्या लिहिते.

लोकमान्यनगर:
ओटला लाकडी असतो का पण? आमचे सगळे दगडी.