स्लो कुकरमधलं बीफ आणि डंपलिंग: पाणी किती घालायचं, डंपलिंग कधी सोडायचे?

मंदआच
साडेचार लिटरचा स्लो कुकर (तासन्‌तास मंद शिजवणारं विजेचं भांडं) आहे. १ किलो बीफ, गाजर, बटाटे आणि वर डंपलिंग (रश्शावर वाफवलेले मैद्याचे गोळे) असं एकाच भांड्यात जेवण करायचं आहे. गॅसवरच्या स्ट्यूच्या कृतींमध्ये लिटरभर स्टॉक (हाडं-भाज्या उकळून गाळलेलं पाणी) सांगतात, तेवढाच इथेही लागेल का? मांस आधी परतून घेणं खरंच गरजेचं आहे? आणि डंपलिंग आतून चिकट राहू नयेत म्हणून काय करायचं?

खरवड
लिटरभर अजिबात नको. झाकण बंद असताना वाफ फारशी बाहेर जात नाही, शिवाय मांस आणि कांदा स्वतःचं पाणी सोडतात. १ किलो मांसाला ३५० ते ४०० मिली स्टॉक पुरे. सुरुवातीला वरचे तुकडे उघडे दिसतील, ते तसेच राहू द्या.

मांस खांद्याचं किंवा पायाच्या नळीचं घ्या. या भागांत कोलॅजन भरपूर असतं, तासन्‌तास मंद आचेवर त्याचं जिलेटिन होतं आणि रस्सा त्यानेच अंगाला धरतो. पाठीकडचं कमी चरबीचं मांस इथे वाया जातं, कितीही रश्शात ठेवलं तरी कोरडं, दोऱ्यादोऱ्यांचं होतं. तुकडे ४ सेंमीचे करा, लहान केले तर शेवटी चुरा हाती येतो.

परतण्याबद्दल: त्याने रस आत कोंडला जातो हे खरं नाही, पण चव त्यातूनच येते आणि ती स्लो कुकरमध्ये तयार होत नाही. म्हणून तो टप्पा गाळू नका. तुकडे कागदाने कोरडे टिपा, मीठ-मिरपूड लावा, ३ टेबलस्पून मैद्यात घोळवा आणि जड तव्यात दोन-तीन घाण्यांत तांबूस करा. सगळे एकदम टाकले तर तवा गार पडतो, पाणी सुटतं आणि मांस नुसतं उकडतं. त्याच तव्यात २ कांदे परता, २ टेबलस्पून टोमॅटो प्युरी मिनिटभर भाजा, मग थोडा स्टॉक ओतून तळाची खरवड सोडवा. ही खरवड कुकरमध्ये गेलीच पाहिजे. वाइन घालायची असेल तर तीही इथेच, तव्यात निम्मी आटवून. कुकरमध्ये ती आटत नाही आणि कच्ची लागते.

गाजर-बटाटे तळाशी आणि कडेला, मांस वर. ऐकायला उलटं वाटेल, पण कंदभाज्या मांसापेक्षा उशिरा मऊ होतात आणि उष्णता तळाकडून-कडेकडून येते. तमालपत्र, थाइम, बस. लो वर ८ तास किंवा हाय वर ४ ते ५. मांस चिवट लागलं तर बहुतेक वेळा ते जास्त नाही, कमी शिजलेलं असतं; अजून तासभर द्या. गोठलेलं मांस थेट घालू नका, ते जंतू वाढतात अशा धोक्याच्या तापमानात फार वेळ राहतं.

पीठमळणी
डंपलिंगचं सांगते. १५० ग्रॅम मैदा, दीड टीस्पून बेकिंग पावडर, अर्धा टीस्पून मीठ, ७५ ग्रॅम किसलेलं सूएट (गुरांच्या मूत्रपिंडाभोवतीची घट्ट चरबी), चिरलेली पार्सली. सूएट नसेल तर गारेगार लोणी किसून घ्या. सूएट लोण्यापेक्षा उशिरा वितळतं, त्यामुळे डंपलिंग जास्त हलके होतात, पण लोण्याचेही चांगले होतात. गार पाणी ९० मिलीच्या आसपास, थोडं थोडं. पीठ ओलसर, जेमतेम गोळा होईल इतपतच. मळू नका! मळलं की ग्लुटेन ताणलं जातं आणि डंपलिंग रबरासारखे होतात. १० गोळे करा, ते फुगून जवळजवळ दुप्पट होतात, म्हणून मध्ये जागा सोडा.

आतून चिकट राहण्याचं मुख्य कारण म्हणजे रस्सा पुरेसा तापलेला नसणं. लो वर वरचा थर नुसता गरम असतो. आधी हाय वर करा, कडेने बुडबुडे येईपर्यंत थांबा (साधारण अर्धा तास), आणि मगच पिठात पाणी घाला, कारण ओलं झालं की बेकिंग पावडर कामाला लागते. गोळे मांसाच्या तुकड्यांवर टेकवा, रश्शात बुडवू नका. ४० ते ४५ मिनिटं हाय वर. पहिली ३५ मिनिटं झाकण उचलायचं नाही, वाफ गेली की डंपलिंग बसतात. टूथपिक कोरडी निघाली की झालं.

झाकणाखाली स्वच्छ सुती कापड ताणून बसवलं तर थेंब डंपलिंगवर पडत नाहीत. कापडाची टोकं मात्र झाकणावर दुमडून घ्या, गरम बाजूला लोंबू देऊ नका.

मंदआच
रस्सा तरीही पातळ वाटला तर? आणि उरलं तर?

खरवड
डंपलिंग घालण्याआधीच बघा, नंतर ढवळता येत नाही. १ टेबलस्पून कॉर्नफ्लोअर २ टेबलस्पून गार पाण्यात कालवून घाला आणि हाय वरच ठेवा. डंपलिंग स्वतःही थोडा रस्सा पितात, त्यामुळे आधी फार घट्ट करू नका. मीठ शेवटी चाखून घाला, स्टॉकमध्ये असतंच.

पीठमळणी
उरलेलं दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये, डंपलिंग वेगळ्या डब्यात, नाहीतर सकाळपर्यंत रस्सा शोषून लगदा होतो. गरम करताना स्लो कुकर वापरू नका, तो फार हळू तापतो. पातेल्यात उकळी आणा आणि डंपलिंग शेवटची पाच-सात मिनिटं वर ठेवून झाका.