कैरोहून एका दिवसात अलेक्झांड्रिया: तुमचे अनुभव लिहा

इजिप्तच्या सहलीत अलेक्झांड्रिया बहुतेकांच्या वाट्याला एकच दिवस येते. सकाळी सातला कैरोतल्या हॉटेलातून गाडी निघते, वाळवंटी रस्त्याने सव्वादोनशे किलोमीटर, तिथे चार-पाच ठिकाणं, आणि रात्री आठ-साडेआठपर्यंत परत. आम्ही दिवाळीच्या सुट्टीत तशीच केली. जाण्याआधी मराठीत वाचायला फारसं काही सापडलं नाही, म्हणून हा धागा काढते आहे. जे जाऊन आलेत त्यांनी मोकळेपणाने लिहा. काय पाहिलं यापेक्षाही कुठे किती वेळ मिळाला आणि काय मनात राहिलं, ते हवं आहे.

सुरुवात माझ्यापासून. आम्ही ठाण्याचे, मी, नवरा आणि आठ वर्षांचा मुलगा. गाइड तरुण होता, अभ्यास उत्तम. दिवस बिघडला तो दुपारी. जेवणानंतर गाडी एका अत्तराच्या दुकानासमोर थांबली. "दहाच मिनिटं, फक्त बघा," असं म्हणत सव्वा तास गेला. कार्यक्रमपत्रिकेत या थांब्याचा उल्लेख नव्हता. त्याचा फटका बसला कायतबेच्या किल्ल्याला. तिथे आम्हाला पंचवीस मिनिटं मिळाली, आणि मला सगळ्यात जास्त वेळ हवा होता तो नेमका तिथेच.

कारण प्राचीन जगातल्या सात आश्चर्यांपैकी एक असलेलं दीपगृह याच जागी होतं. इसवी सनापूर्वी 280 च्या सुमारास उभं राहिलेलं, शंभर मीटरहून उंच. 1303 च्या भूकंपाने ते मोडकळीला आलं आणि 1477 मध्ये सुलतान कायतबेने त्याच पायावर किल्ला बांधायला घेतला, पडलेले दगडही वापरले. आत शिरताना भिंतीत लाल ग्रॅनाइटचे तुकडे दिसतात, बाकीच्या फिकट चुनखडीत उठून दिसणारे. मी एका तुकड्यावर तळहात ठेवून उभी राहिले. ऑक्टोबरच्या उन्हातही तो गार होता. 1994 मध्ये किल्ल्यालगत समुद्राच्या तळाशी पाणबुड्या संशोधकांना दीपगृहाच्या बांधकामातले मोठाले दगड आणि पुतळे मिळाले, हे गाइड सांगत असतानाच गाडीचा हॉर्न वाजला.

आणखी एक. अरबीत या जागेचं नाव 'कलात कायतबे'. तिथले लोक बोलताना 'क' गिळतात म्हणून आधी कळेना. गाइडने कागदावर लिहून अक्षरं वाचून दाखवली तेव्हा उमगलं की आपला 'किल्ला' याच शब्दातून आला आहे.

पुन्हा गेले तर पैसे भरण्यापूर्वीच लेखी घेईन: दुकानं नाहीत, आणि किल्ल्यावर किमान एक तास.

नाशिकहून

आईला घेऊन गेले होते. वय एकाहत्तर, दोन्ही गुडघे दुखरे. कोम अल-शुकाफाच्या भुयारी दफनस्थळात उतरायला गोल जिन्याच्या नव्व्याण्णव पायऱ्या आहेत, हे कुणीही आधी सांगितलं नव्हतं. आईने वरूनच डोकावून पाहिलं आणि म्हणाली, तू जाऊन ये, मला येऊन सांग. तिथल्या राखणदाराने न सांगता तिच्यासाठी खुर्ची आणून सावलीत ठेवली. त्याचे उपकार मी विसरणार नाही.

जिना एका विहिरीसारख्या खोल पोकळीभोवती फिरतो. त्या पोकळीतून दोर लावून मृतदेह खाली सोडत. 1900 साली एक गाढव खड्ड्यात पडलं आणि त्यामुळे ही जागा सापडली असं सांगतात. खाली गेल्यावर मुख्य दफनखोलीच्या दाराशी इजिप्तचा मृतांचा देव अनुबिस उभा आहे, तोंड कोल्ह्याचं आणि अंगावर रोमन शिपायाचं चिलखत. दाराच्या दोन्ही बाजूंना नाग, त्यांच्या डोक्यावर इजिप्तच्या राजांचा मुकुट, आणि त्यांच्या वर ढालीवर ग्रीकांची मेडुसा, केसांच्या जागी साप असलेली. तीन धर्मांच्या रक्षकांना एकाच दारावर उभं केलंय. आपल्या माणसाला नीट पोचवायचं तर कुणालाच वगळायला नको, असं त्या घरच्यांना वाटलं असणार.

पण मी थांबले ते शेजारच्या खोलीत. तिथे खडकातच कोरलेले तीन रुंद बाक आहेत. मेलेल्या माणसाच्या आठवणीच्या दिवशी घरचे लोक खाली येऊन इथे एकत्र जेवत. जेवणाची मातीची भांडी परत घरी नेत नसत, तिथेच टाकत. त्या खापरांचा ढीग वर साचला आणि जागेचं नाव पडलं 'कोम अल-शुकाफा', म्हणजे खापरांची टेकडी.

वर येऊन आईला हे सांगितलं. दोन वर्षांपूर्वी रामकुंडावर बाबांचं सगळं तिने उभं राहून करून घेतलं होतं. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "मडकं घरी आणायचं नसतं, त्यांनाही माहीत होतं तर." आमच्या गटातले बाकीचे गाडीत बसून वाट पाहत होते, तरी आमच्या गाइडबाईंनी घाई केली नाही. आई उठेपर्यंत त्या बाजूला उभ्या राहिल्या.

मालवणहून

आम्ही नोव्हेंबरच्या मध्यावर गेलो आणि वादळात सापडलो. रस्त्यावर लाटा येत होत्या, किल्ल्याच्या बाहेरच्या फरशीवर उभं राहता येईना. सोबतचे लोक दिवस फुकट गेला म्हणून हळहळले. मला मात्र त्या दिवशी जे मिळालं ते उन्हात मिळालं नसतं.

गाइड तिथल्याच कोळीवाड्यात वाढलेला, पन्नाशीचा. म्हणाला, हिचं नाव 'मकनसा', म्हणजे झाडू. नोव्हेंबरात येते आणि किनारा झाडून नेते. तिकडे हिवाळ्यातल्या प्रत्येक वादळाला नाव आहे, साधारण तारीख ठरलेली आहे, आणि मच्छीमार त्या हिशेबाने होड्या काढतात. पुढे डिसेंबरात 'कासिम' येते. मी त्याला आपल्या मृग, आर्द्रा, पुनर्वसूबद्दल सांगितलं, प्रत्येक नक्षत्राचं वाहन असतं, कधी बेडूक तर कधी म्हैस, हेही सांगितलं. त्याने सगळं वहीत उतरवून घेतलं. माझ्या आजोबांचं बोट धरून बंदरावर उभा राहिल्यासारखं वाटलं मला.

पावसामुळे कार्यक्रम कोलमडला, तेव्हा त्याने आम्हाला किल्ल्याजवळ अनफुशीला नेलं. तिथे आजही लाकडी होड्या बांधतात. अर्धवट होडीच्या बरगड्या पावसात उभ्या होत्या, ओल्या लाकडाचा वास सुटला होता. तो वास मला लहानपणापासून माहीत आहे.

जेवणाचं सांगतो. बर्फावर मासे मांडलेले असतात, आपण निवडायचे, वजन करायचं आणि कसे हवेत ते सांगायचं. तिथली 'बुरी' म्हणजे आपली बोय. खवलं न काढता अख्खी बोय गव्हाच्या कोंड्यात घोळवून विस्तवावर टाकतात. वरची साल जळून काळी होते, ती सोलली की आत मांस पांढरं आणि रसदार. सोबत कांदा पार तांबूस करून शिजवलेला भात, त्याला 'सय्यादिया' म्हणतात. सय्याद म्हणजे मच्छीमार. सहलीच्या पैशात जे ठरावीक जेवण असतं ते सोडा आणि हे स्वतःच्या पैशाने खा.

पाँपीचा स्तंभही गाडीतून उतरून पाहिला. पाँपी या रोमन सेनापतीशी त्याचा संबंध नाही. रोमन बादशहा डायोक्लिशियनने हे बंडखोर शहर महिनोन्महिने वेढा घालून जिंकलं, मग उपाशी लोकांना धान्य दिलं, आणि त्या बादशहाच्या सन्मानार्थ हा उभारला गेला. दूरच्या आस्वानचा लाल ग्रॅनाइट, वीसेक मीटरची एकच शिळा. अरबी नाव 'अमूद अल-सवारी', म्हणजे डोलकाठ्यांचा खांब. समुद्रावरून येणाऱ्याला तो तसाच दिसत असणार.

पुण्याहून

शाकाहारी मंडळींसाठी दोन ओळी. 'फूल' (बाकळ्याच्या शेंगांतल्या दाण्यांची उसळ), त्याच दाण्यांचा वाटून तळलेला 'तामिया', जो आतून हिरवागार असतो, आणि कोशरी (भात, मसूर आणि पास्ता एकत्र). आमच्या चौघांचं पोट या तिघांवर व्यवस्थित भरलं. भाकरीला तिथे 'एश' म्हणतात आणि त्याच शब्दाचा अर्थ जगणं. वेटरला 'मांस नको' एवढं सांगून भागत नाही, मासे आणि कोंबडीही नको हे वेगळं सांगावं लागतं.

सांगलीहून

मी भूगोल शिकवते. माझ्यासाठी अलेक्झांड्रिया म्हणजे इरॅटोस्थेनिस. तो इथल्या प्राचीन ग्रंथालयाचा प्रमुख होता. उन्हाळ्यातल्या सगळ्यात मोठ्या दिवशी दक्षिणेला आस्वानच्या विहिरीत सूर्य थेट तळापर्यंत पोचतो, आणि त्याच दुपारी अलेक्झांड्रियात मात्र सावली पडते, एवढ्या एका फरकावरून त्याने पृथ्वीचा घेर काढला. सावलीचा कोन वर्तुळाचा पन्नासावा भाग भरला, म्हणून दोन्ही शहरांतल्या अंतराला पन्नासने गुणलं. वीस वर्षं मी हे फळ्यावर काढते आहे.

आम्ही मेच्या पहिल्या आठवड्याअखेर गेलो होतो. त्याच दिवशी सांगलीत शून्य सावलीचा दिवस होता. सुट्टी असूनही माझी मुलं शाळेच्या मैदानावर जमली होती आणि सावली गायब झाल्याचे फोटो सकाळीच माझ्या फोनवर आले होते. मी गाइडला आदल्या दिवशीच विनंती करून ठेवली होती: एक वाजायच्या सुमारास मला नव्या ग्रंथालयाच्या अंगणात दहा मिनिटं हवीत. तिकडच्या घड्याळात सूर्य माथ्यावर यायला उन्हाळ्यात जवळजवळ एक वाजतो.

त्याने सगळा क्रम बदलला. अंगणात मी दहा सेंटिमीटरची पेन्सिल उभी धरली, त्याने गुडघ्यावर बसून पट्टी लावली. सावली अडीच सेंटिमीटर. म्हणजे साधारण चौदा अंश, आणि सांगली-अलेक्झांड्रियाच्या अक्षांशांतला फरकही तेवढाच. बोटं थरथरत असल्यामुळे मी तीनदा मोजलं. आजूबाजूची तिथली कॉलेजची मुलं जमली, त्यांना गाइडने अरबीत समजावलं, मग त्यांनी आपापली पेनं उभी केली.

ग्रंथालय 2002 मध्ये उघडलं. समुद्राकडे कललेली गोल तबकडी आणि आत अकरा टप्प्यांनी उतरत जाणारं वाचनालय. पिशव्या बाहेर ठेवाव्या लागतात. शुक्रवार-शनिवारच्या वेळा वेगळ्या असतात, सहलीचा वार ठरवण्याआधी बघून घ्या.

दुबईहून

आम्ही स्वतः कैरोच्या रामसेस स्टेशनवरून रेल्वेने गेलो आणि फक्त तिथला गाइड घेतला. अडीच-तीन तास लागतात. ही आफ्रिकेतली पहिली मोठी रेल्वे, 1856 मध्ये कैरोपर्यंत पोचली. सुएझ कालवा होण्यापूर्वी मुंबईची टपाल आणि प्रवासी याच वाटेने अलेक्झांड्रियाला येऊन पुढे युरोपला जात. रेल्वेचा फायदा असा की दुकानाचा थांबा येत नाही. बऱ्याच स्थळांचं तिकीट आता कार्डानेच मिळतं, तेव्हा कार्ड जवळ ठेवा. सुट्टे पौंडही हवेत, कारण बक्षिशी जागोजागी द्यावी लागते. शब्द आपलाच आहे, फक्त तिकडे तो काम होताच लगेच अपेक्षित असतो.

पैठणहून

सांगलीच्या बाईंचं वाचून राहवलं नाही. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात याच शहरात बसून टॉलेमीने जगाचा भूगोल लिहिला. त्यात 'बैठन' आहे, म्हणजे आमचं पैठण, आणि तिथल्या राजाचं नाव त्याने जसं ऐकलं तसं लिहिलं आहे. तो सातवाहनांचा पुळुमावी. सोपाराही त्यात आहे. मी गाइडला हे सांगितलं तेव्हा त्याला ते नवं होतं. त्याने मला समुद्राकडे तोंड करून उभं केलं आणि गटातल्या सगळ्यांना पुन्हा सांगायला लावलं. गोदाकाठच्या माझ्या गावाचं नाव त्या किनाऱ्यावर मोठ्याने घेताना गळा दाटून आला.

ज्यांना हा धागा पुढे न्यायचा आहे त्यांनी कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात जाऊन ब्रह्मपुरीच्या उत्खननात मिळालेला पोसायडनचा छोटा कांस्यपुतळा नक्की पाहावा. समुद्राचा हा ग्रीक देव पंचगंगेच्या काठी निघाला.

धागाकर्ती, ठाणे

सगळ्यांचे मनापासून आभार. नाशिकच्या ताईंचं वाचून मी आईला फोन केला.

खाजगीत दोघांनी विचारलंय की लहान मुलांना न्यावं का. आमच्या मुलाला भुयारात भीती वाटली, गाडीत कंटाळा आला. पण ग्रंथालयाच्या बाहेरच्या राखाडी ग्रॅनाइटच्या भिंतीवर जगातल्या एकशेवीस लिप्यांमधली अक्षरं कोरलेली आहेत. गाइड म्हणाला, तुझं अक्षर शोध. तो भिंतीला नाक लावून शोधत सुटला, वाटेत भेटलेलं प्रत्येक अक्षर बोटाने गिरवत. निघायची वेळ झाली तोवर अर्धी भिंत व्हायची होती. घरी आल्यापासून त्याचं एकच चालू आहे: उरलेली भिंत कधी बघायची.