बेडसोअर झाला की शुश्रूषा केंद्र दोषी? काहीही!

कडूलिंब: कालच्या धाग्यात एकाने ठोकून दिलंय, "बेडसोअर म्हणजे निष्काळजीपणा सिद्ध. सरळ दावा लावा." वीस वर्षं रात्रपाळ्या काढल्यात मी. पडून राहून दाबाने होणाऱ्या या जखमा दर दोन तासांनी कूस बदलूनही होतात हो. अन्न जात नाही, रक्ताभिसरण मंदावलंय, अशा पेशंटची त्वचाच साथ सोडते. अखेरच्या दिवसांत माकडहाडावर बघता बघता उमटणारा व्रण केनेडी नावाच्या नर्सबाईंनी १९८९ मध्येच नोंदवला. तो कोणाच्या माथी मारणार?

उंटावरची शहाणी: केनेडी बऱ्या सापडतात प्रत्येकाला! माझ्या आईच्या टाचेला झाला. पोटरीखाली उशी देऊन टाच अधांतरी ठेवायची, एवढंच काम होतं. चार्ट मागितला, तर दर दोन तासांनी "कूस बदलली", एकच पेन, एकच अक्षर. त्यातल्या एका दुपारी ४ वाजता आई माझ्यासोबत एक्सरेच्या रांगेत होती. कूस कोणाची बदलली, गादीची?

नाना फटकळ: आईला तिथे टाकून मोकळं व्हायचं आणि मग चार्ट तपासायचे. पांघरूण उचलून पाहिलंत कधी?

उंटावरची शहाणी: दर रविवारी, नाना. खाली ठेवायची हवेची रिंगही, मध्ये भोक असलेली उशी, मीच नेऊन दिली.

कडूलिंब: रिंग?? कडेने दाब येतो, मधलं रक्त आणखी तुटतं! आता लाल जागेवर तेल चोळलं म्हणू नका.

नाना फटकळ: आमच्या वडिलांना रिंगनेच आराम पडला.

कडूलिंब: आराम पडणं वेगळं, जखम भरणं वेगळं.

नाना फटकळ: म्हणजे वडिलांना मी छळलं?

उंटावरची शहाणी: तेल चोळलं. सिस्टरसमोर, महिनाभर. कोणी हात धरला नाही.

काळा कोट: रिंग पुरे. व्रण झाला म्हणून केस उभी राहत नाही. दाखल करताना त्वचा पाहिली का, ब्रेडन स्कोअर, म्हणजे बेडसोअरचा धोका मोजणारे गुण, काढला का, १८ किंवा खाली, म्हणजे धोका, असेल तर पुढे काय केलं, घरच्यांना कधी कळवलं, हे विचारतात. आतल्या ऊतींची इजा वर दिसायला दोन-तीन दिवस लागू शकतात. पहिल्या दिवशीची नोंद नसेल, तर आधीच्या हॉस्पिटलचं पापही केंद्राच्या खाती जमा. आणि एक नोंद खोटी निघाली की बाकीच्या खऱ्या नोंदींवरही कोणी विश्वास ठेवत नाही.

कडूलिंब: चाळीस जणांमागे रात्री आम्ही दोघी. चार्ट पहाटे एकदम भरले जातात, मीही भरलेत. घ्या, दिली कबुली. पण दोघीच ठेवणाऱ्या मालकावर लावा ना दावा!

उंटावरची शहाणी: मालकावरच लावलाय, ताई. साक्षीला याल?

नाना फटकळ: रिंगचं उत्तर राहिलंय.