'फोर्क'ला मराठीत काय म्हणायचं? (आणि पीआर टाकला की टाकली?)

धागाकर्ती:
एका मराठी शब्दकोशाच्या ओपन सोर्स (कोड सगळ्यांना खुला असलेल्या) ॲपसाठी "हातभार कसा लावायचा" अशी फाईल मराठीत लिहायला घेतलीये, नवीन मुलांसाठी. पहिल्याच ओळीला गाडी अडली. "रिपो फोर्क करा" (म्हणजे प्रोजेक्टच्या कोडच्या साठ्याची स्वतःची वेगळी प्रत काढा) हे कसं लिहू? एकाने सुचवलं "काटा काढा". हे वाचून कुणी प्रोजेक्ट सांभाळणाऱ्या मेंटेनरचाच काटा काढला म्हणजे?? :))

प्रतिसाद:
काटा जेवणाच्या टेबलावरचा गं. इथला फोर्क रस्त्याचा, त्याला आपल्याकडे सरळ शब्द आहे, फाटा. नाशिक फाटा म्हटलं की कुणाला समजवावं लागत नाही. मूळ रस्ता आपला पुढे जातोच, तुझा तिथून वेगळा निघतो. "फाटा काढा" लिही.

प्रतिसाद:
फाटा आवडला पण जपून वापर, चुकून "फाटा द्या" लिहिलंस तर अर्थच उलटा, भाषणाला फाटा दिला म्हणजे भाषण गाळलं. आणि "फाटे फोडणे" तर सगळ्यांना माहितीये, काही इश्यूंखालची (प्रोजेक्टवर नोंदवलेल्या तक्रारी-सूचनांखालची) चर्चा बघता तेही चालेल म्हणा.
पण मला वाटतं इथे दोन अर्थांची गल्लत होतेय. जुना फोर्क म्हणजे भांडून नाहीतर मतभेद होऊन वेगळं होणं. २०१० मध्ये ओपनऑफिसमधून लिब्रेऑफिस निघालं, त्याच्या आदल्या वर्षी मायएसक्यूएल या डेटाबेसमधून मारियाडीबी. त्याला मराठीत वेगळी चूल मांडणे म्हणतात, दुसरा शब्द शोधायची गरजच नाही. नोडमधून (जावास्क्रिप्ट चालवणारं सॉफ्टवेअर) आयओ डॉट जेएस २०१४ च्या डिसेंबरात निघालं आणि २०१५ मध्ये परत एकत्र आलं, म्हणजे चूल मांडून वर्षाच्या आत मोडली पण. गिटहबवरचा (कोड ठेवायच्या साइटवरचा) फोर्क असा नाहीच, तिथे कुणाशी वाकडं नसतं, उलट मूळ रिपोत लिहायची परवानगी नसते म्हणून आपल्या खात्यात प्रत घ्यायची, तिच्यात बदल करायचे आणि ते मूळवाल्यांना घ्या म्हणून विनवायचं. म्हणजे हातभार लावायची पहिली पायरीच ती. इथे "फाटा" वाचून नवीन पोराला वाटेल आपण फुटून निघालो.

प्रतिसाद:
+१. शिवाय गिटहबच्या बटणावर इंग्रजीतच लिहिलेलं असतं. तू फाईलमध्ये फाटा लिहिशील आणि बिचारा फाट्याचं बटण शोधत बसेल. जे स्क्रीनवर दिसतं ते तसंच ठेव आणि पुढे अर्थ सांग.

धागाकर्ती:
हे पटलं. मग असं लिहिते: "वर उजवीकडचं फोर्क बटण दाबा, म्हणजे रिपोची एक प्रत तुमच्या खात्यात येईल. तिच्यात काही बिघडलं तरी मूळ रिपोला धक्का लागत नाही, तेव्हा बिनधास्त बदल करा."
आता पुढचं, पुल रिक्वेस्ट (पीआर, म्हणजे आपले बदल मूळ रिपोत घ्या अशी विनंती) टाकली की टाकला? ऑफिसात सगळे "पीआर टाकला" म्हणतात आणि मला ते खटकतं.

प्रतिसाद:
रिक्वेस्ट म्हणजे विनंती, म्हणून पुल रिक्वेस्ट टाकली. पण पीआर म्हटलं की आतली रिक्वेस्ट कुणाला आठवतेय, तो पुल्लिंगीच झाला. गिटलॅबवाले (गिटहबसारखीच दुसरी साइट) तिलाच मर्ज रिक्वेस्ट म्हणतात, त्यांचाही "एमआर टाकला"च. बोलण्यात दोन्ही चालतं, फाईलमध्ये पूर्ण नाव लिही आणि स्त्रीलिंगी ठेव, एकाच पानावर टाकली आणि टाकला दोन्ही नको.

प्रतिसाद:
आणि पॅचला (कोडमधल्या दुरुस्तीच्या छोट्या बदलाला) प्लीज "ठिगळ" लिही ना. पूर्वी पंच केलेल्या कागदी पट्टीवरचं चुकीचं भोक बुजवायला खरंच वरून तुकडा चिकटवायचे, शब्द तिथूनच आलाय, म्हणजे ठिगळ अगदी तंतोतंत बसतं.

प्रतिसाद:
बसतं, पण "तुमचं ठिगळ पाठवा" वाचून कोण पाठवेल? बोलताना गंमत म्हणून ठीक आहे.

धागाकर्ती:
ठिगळ कंसातसुद्धा घेत नाहीये :D शेवटचं एक, ब्रांचचं (रिपोतल्या कामाच्या वेगळ्या शाखेचं) अनेकवचन काय, ब्रांचा की ब्रांचेस?

प्रतिसाद:
आमच्यात ब्रांचा. आणि मर्ज झाल्या (मूळ कोडात मिसळल्या) की डिलीट मारायच्या हेही फाईलमध्ये लिही, कोणी मारत नाही.