नेटवर्कवरून सर्वांना एकच टूल पॅलेट कसे द्यावे?

प्रश्न

आमच्या आरेखन विभागात सर्व जण ऑटोकॅड या संगणकीय आरेखनाच्या प्रणालीवर काम करतात. दारे, खिडक्या, पातळीची चिन्हे, हॅच (भाग भरण्याचे नमुने) असे नेहमी लागणारे साहित्य एकत्र करून मी माझ्या संगणकावर काही टूल पॅलेट्स (ज्यांवरून असे साहित्य ओढून ड्रॉइंगमध्ये घालता येते असे फलक) तयार केली आहेत. तीच पॅलेट्स प्रत्येकाला सर्व्हरवरून मिळावीत, त्यांत सुधारणा झाली की ती सर्वांपर्यंत आपोआप पोहोचावी, आणि तरीही एखाद्याने चुकून काही पुसले तर ते सर्वांचे पुसले जाऊ नये, अशी माझी अपेक्षा आहे. सध्या मी पॅलेट एक्सपोर्ट करून एक्सटीपी फाइल देतो. पण दर सुधारणेनंतर ती प्रत्येकाला पुन्हा इम्पोर्ट करावी लागते आणि कोणाकडे तरी जुनीच प्रत राहते. पॅलेट्सचे फोल्डर थेट सर्व्हरवर ठेवणे योग्य ठरेल का?

उत्तर १

योग्य ठरेल, परंतु फोल्डर हलवण्याआधी एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. पॅलेटमध्ये ब्लॉक (नाव देऊन जतन केलेली, पुन्हा वापरता येणारी आकृती) साठवलेला नसतो. तो ज्या ड्रॉइंगमध्ये आहे त्याचा पत्ता आणि ब्लॉकचे नाव, एवढेच तिथे नोंदलेले असते. हा पत्ता आपल्या सी ड्राइव्हचा असेल, तर इतरांना चित्र दिसेल, पण ब्लॉक येणार नाही. म्हणून आधी ब्लॉकची सर्व ड्रॉइंग्ज सर्व्हरवर न्यावीत. टूलवर उजवी क्लिक करून प्रॉपर्टीजमधील सोर्स फाइल बदलता येते. टूल्स पुष्कळ असतील, तर एटीसी फाइल, म्हणजे पॅलेटची फाइल, ही मुळात एक्सएमएल मजकुराची असल्यामुळे, तिची प्रत राखून आणि ऑटोकॅड बंद ठेवून, साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये जुना पथ (फाइलचा पत्ता) शोधून त्या जागी नवा घालता येतो. पथ देताना ड्राइव्हचे अक्षर टाळून सर्व्हरच्या नावापासून सुरू होणारा पूर्ण पत्ता द्यावा, कारण एकाच शेअरला (सर्व्हरवरील सामायिक फोल्डरला) प्रत्येक संगणकावर तेच अक्षर मिळेल याची खात्री देता येत नाही.

त्यानंतर पॅलेट्सचे संपूर्ण फोल्डर, म्हणजे कॅटलॉगची फाइल आणि चित्रांच्या उपफोल्डरसह, सर्व्हरवर ठेवावे आणि प्रत्येक संगणकावर ऑप्शन्समधील फाइल्स या टॅबमध्ये ‘टूल पॅलेट्स फाइल लोकेशन्स’ येथे तो पथ जोडावा.

पुसले जाण्याची आपली भीती रास्त आहे, कारण लिहिण्याची परवानगी सर्वांना असल्यास एकाचा बदल दुसऱ्याच्या बदलावर लिहिला जाऊ शकतो. लिहिण्याचा अधिकार एकाच जबाबदार व्यक्तीकडे ठेवावा आणि बाकीच्यांना केवळ वाचण्याचा द्यावा. पॅलेटची फाइल रीड-ओन्ली केली असेल, तर पॅलेटच्या खालच्या कोपऱ्यात कुलुपाचे चिन्ह दिसते. वापरणाऱ्याला त्याचे दृश्य स्वरूप बदलता येते, पण टूल्स वाढवता किंवा काढता येत नाहीत.

उत्तर २

वरील उत्तराशी मी सहमत आहे. फक्त गटांचा उल्लेख राहिला आहे. पॅलेट्सची विषयवार गटांत केलेली मांडणी एटीसी फाइलमध्ये नसते, ती प्रत्येकाच्या प्रोफाइलच्या (वैयक्तिक सेटिंग्जच्या संचाच्या) एडब्ल्यूएस फाइलमध्ये असते. त्यामुळे पथ जोडल्यावर पॅलेट्स मिळतील, पण गट मिळणार नाहीत. कस्टमाइझ ही आज्ञा देऊन गट एक्सपीजी फाइलमध्ये एक्सपोर्ट करावेत आणि सामायिक पथ जोडून झाल्यानंतरच प्रत्येकाकडे इम्पोर्ट करावेत.

ऑटोकॅडच्या आवृत्त्यांकडेही लक्ष द्यावे. नव्या आवृत्तीत तयार केलेले पॅलेट जुन्या आवृत्तीत वापरता येत नाही. विभागात दोन आवृत्त्या चालू असतील, तर प्रत्येकीसाठी स्वतंत्र फोल्डर ठेवणेच श्रेयस्कर आहे.

उत्तर ३

थेट सर्व्हरवरून वाचण्याऐवजी स्थानिक प्रत ठेवणे मला अधिक भरवशाचे वाटते, विशेषतः लॅपटॉपवर नेटवर्कबाहेर काम करणारे सहकारी असतील तर. मूळ फोल्डर सर्व्हरवर ठेवून, लॉगिनच्या वेळी चालणाऱ्या स्क्रिप्टमधून रोबोकॉपी या विंडोजमधील फाइली नकलण्याच्या आज्ञेने ते प्रत्येक संगणकावरील ठरावीक जागी उतरवता येते आणि ऑटोकॅडला तोच स्थानिक पथ दाखवता येतो. सर्व्हर मंदावला तरी पॅलेट्स अडत नाहीत, आणि कोणी काही पुसलेच तर पुढच्या लॉगिनला मूळ प्रत परत येते. ब्लॉकची ड्रॉइंग्जही अशीच उतरवावीत व टूल्समध्ये त्यांचा स्थानिक पथ द्यावा. तो सर्व संगणकांवर अक्षरशः सारखा असला पाहिजे.

प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. सर्वांसाठीची पॅलेट्स बंदिस्त ठेवल्यावर, ज्यांना स्वतःची वेगळी पॅलेट्स हवी आहेत त्यांनी काय करावे? आणि सर्व्हरवरील मूळ ब्लॉक सुधारला, तर तो चालू ड्रॉइंग्जमध्येही बदलेल का?

उत्तर १

त्याच ऑप्शन्समध्ये एकाहून अधिक पथ देता येतात. वैयक्तिक, लिहिता येण्याजोगा पथ यादीत वर ठेवावा आणि सामायिक पथ त्याखाली ठेवावा.

ब्लॉक मात्र आपोआप बदलणार नाही. ड्रॉइंगमध्ये त्या नावाचा ब्लॉक आधीच असेल, तर पॅलेटवरून ओढला तरी जुनीच व्याख्या वापरली जाते. त्यासाठी टूलवर उजवी क्लिक करून रीडिफाइन (नवी व्याख्या लागू करणे) निवडावे लागते. पॅलेटवरील चित्रही जुनेच राहते, ते ‘अपडेट टूल इमेज’ने बदलते. मूळ ब्लॉक सुधारणाऱ्याने त्याच वेळी चित्र बदलावे आणि कोणते ब्लॉक रीडिफाइन करायचे ते सहकाऱ्यांना लेखी कळवावे.