मदत हवी आहे: पप्पांसाठी रोजचं शास्त्रवाचन

नमस्कार. आम्ही मालवणकडचे, कॅथलिक. रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यावर, उभा जन्म काढलेल्या पप्पांना पक्षाघात होऊन पाच महिने झाले. व्यायाम रोज करायचा आहे, पण आठवड्यापासून त्यांनी हायच खाल्ली आहे. "कित्याक?" (कशाला?) एवढंच म्हणतात.

संध्याकाळची रोझरी (जपमाळेची प्रार्थना) चालू आहे. फादर येऊन कम्युनियन (पवित्र भाकर) देऊन जातात. सकाळी व्यायामाआधी मी बायबल वाचून दाखवते. उत्पत्तीपासून सुरुवात केली, पण लेवीयच्या नियमांत अडकलो. ईयोब वाचला तर ते जास्तच गप्प झाले. लूकच्या शुभवर्तमानाचा ५वा अध्याय मात्र लागू पडला: रात्रभर राबून मासळी नाही, तरी पेत्र पुन्हा जाळं टाकतो. ऐकताना त्यांचा उजवा हात चादरीवर जाळं ओढल्यासारखा हलला. मी तोच उतारा तीनदा वाचला! योहान २१ही आवडला, किनाऱ्यावर निखारे, त्यावर मासे. स्तोत्र १२१ पाठ आहे.

दहा मिनिटांपेक्षा जास्त बसवत नाही. भाषा सोपी मराठी हवी. वाडीत रेंज नसते, त्यामुळे ऑनलाइन प्रवचनं नकोत. डॉक्टरांचे उपचार चालू आहेत.

थकून पुन्हा उठलेल्या माणसांचे असे आणखी कुठले छोटे उतारे आहेत? आणि ज्यांनी घरात असं आजारपण काढलंय, त्यांनी वाचन व्यायामाआधी ठेवलं की नंतर?